निजलेल्या यंत्राचे भाडे

२८ नोव्हेंबर २०२२ पासून सेल्सफोर्सच्या मालकीच्या हेरोकूने आपली मोफत सेवा बंद केली. कारण दिले गैरवापराचे. त्या सेवेत अर्धा तास कोणी फिरकले नाही की यंत्र निजे, हाक येताच जागे होई. महिन्यातून दोनदा उघडल्या जाणाऱ्या आकडेवारीला एवढे पुरेसे होते. आधी सवय लावायची, मग पाणपोईला कुलूप ठोकायचे, ही भांडवलाची जुनीच रीत! (आमचे अर्थशास्त्री बंधू तिला कार्यक्षमता म्हणतात.) ‘शायनीलाइव्ह’मुळे आता आर वा पायथनमधील गणित वाचकाच्याच ब्राउझरमध्ये चालते, सर्व्हरवर केवळ निश्चल फायली उरतात, त्यांचा खर्च नगण्य. तरीही विद्यापीठांनी सावकाराच्या ओसरीवर का बसावे? गोपनीय माहिती अशी ठेवता येणार नाही, हे खरे. पण पीकपाण्याचे आणि मजुरीचे आकडे गोपनीय कधीपासून झाले?