ओल्या फांदीसारखे हाड

सातारा-सांगलीकडे सुट्टीच्या दिवसांत मूल आंब्यावरून वा सायकलवरून पडते आणि सारा भार हातावर येतो. बोटे हलतात, म्हणून ‘मुरगळले असेल’ असे म्हणत आपण तेल लावून चोळू लागतो. वाचकहो, चूक येथेच होते.

कडुलिंबाची वाळकी काटकी कट्‌कन तुटते. ओली फांदी मात्र वाकते, एका बाजूने चिरते आणि दुसऱ्या बाजूने धरून राहते. मुलांचे हाड असेच लवचीक असते, त्यावरील आवरणही जाड असते. म्हणून ते पुष्कळदा अर्धवटच मोडते. सूज थोडी दिसते, पण नेमक्या जागी बोट टेकताच मूल कळवळते.

अशा वेळी चोळू नये, ओढू नये. पुठ्ठ्याचा आधार देऊन हात झोळीत ठेवावा व क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. मिरजेचे मिशन रुग्णालय १८९४ साली सुरू झाले, तेव्हा क्ष-किरणांचा शोधही लागला नव्हता. आज सोय असताना केवळ अंदाजावर का विसंबावे?

प्लास्टर बहुधा ४ ते ६ आठवडे ठेवतात. दुर्लक्ष केल्यास हाडात बाक राहतो. कोणतीही पट्टी बांधल्यावर बोटे निळी, थंड वा बधिर झाली, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.