शिक्षकाला निर्भयपणे बोलता यावे यासाठी मागणीपत्र

प्रति,
मा. राज्यपाल तथा कुलाधिपती, मध्यप्रदेश, भोपाळ
मार्फत : मा. तहसीलदार, खैरलांजी, जि. बालाघाट

महोदय,

खैरलांजी भागातल्या महाविद्यालयीन शिक्षकांच्या संघटनेतर्फे हे मागणीपत्र सादर करीत आहोत.

मार्च २०२४ मध्ये भोपाळच्या राजीव गांधी प्रौद्योगिकी विद्यापीठाचे १९.४८ कोटी रुपये खासगी खात्यांत वळवल्याच्या आरोपावरून तत्कालीन कुलगुरूंसह इतरांवर गुन्हा दाखल झाला. जानेवारी २०२५ मध्ये ग्वाल्हेरच्या जिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू आणि अनेक प्राध्यापक यांच्यावर आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला. मुरैना जिल्ह्यात झुंडपुरा इथले महाविद्यालय निव्वळ कागदावर असतानाही त्याला या विद्यापीठाची संलग्नता मिळत गेली, असा आरोप आहे. पुढच्याच महिन्यात शासनाने विद्यापीठ अधिनियमाचे कलम ५२ लावून जिवाजीच्या कुलगुरूंना हटवले.

दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. पण झुंडपुऱ्याचे प्रकरण उजेडात आणले ते एका प्राध्यापकाने. त्यांच्या नकळत त्यांचे नाव तिथे प्राचार्य म्हणून लावले होते. आणि ज्यांच्यावर गुन्हा नोंदला, त्यांत तपासणी अहवालांवर सह्या करणारेही आमच्याच पेशाचे. म्हणजे गैरप्रकार सर्वांत आधी शिक्षकाला दिसतो आणि त्याच्याच सहीने तो झाकलाही जातो. या सहीमागे कुठे लोभ असेल, कुठे भीती. लोभाला शिक्षा हवी; भीती दूर करणे शासनाच्या हाती आहे.

बालाघाट जिल्हा छिंदवाड्याच्या राजा शंकर शाह विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. त्याच्यावर आमचा कोणताही आरोप नाही. पण जिवाजीला लागू असलेला १९७३ चा विद्यापीठ अधिनियमच इथेही लागू आहे. तक्रार करायची म्हटली, की शासकीय प्राध्यापकाला १९६५ च्या आचरण नियमांचा धाक, तर मानधनावरच्या अतिथी विद्वानाला 'फॉलन आउट' होण्याचा, म्हणजे काम सुटण्याचा. तक्रारदारांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०१४ मध्ये केला, पण तो अद्याप लागू झालेला नाही. म्हणून आमच्या मागण्या :

१. कुलाधिपती, लोकायुक्त किंवा आर्थिक गुन्हे शाखा यांना पुराव्यासह माहिती देणे हा शिस्तभंग नव्हे, असे परिपत्रक काढावे.

२. चौकशी चालू असेतो तक्रारदाराची बदली करू नये, त्याच्या गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरा मारू नये. अतिथी विद्वानाची सेवा खंडित करू नये.

३. संलग्नतेच्या तपासणी समितीतील नावे चिठ्ठी काढून ठरवावीत. अहवाल, इमारतीची छायाचित्रे आणि शिक्षकांची यादी संलग्नता देण्याआधी जाहीर करावी. यादीतल्या प्रत्येक शिक्षकाकडून थेट लेखी खातरजमा करावी.

४. समितीतल्या सदस्याचे विरोधी मत अहवालात जसेच्या तसे नोंदवावे.

५. विद्यापीठाची सर्व बँक खाती आणि मुदत ठेवी यांचा तपशील दर तिमाहीला कार्यपरिषदेपुढे ठेवावा व संकेतस्थळावर द्यावा.

६. कुलगुरूंविरुद्धची चौकशी त्यांच्या हाताखालच्या अधिकाऱ्याकडे न देता निवृत्त न्यायाधीशाकडे द्यावी व ९० दिवसांत पूर्ण करावी. तोवर आर्थिक अधिकार दुसऱ्याकडे सोपवावेत.

शेतमजुरी करून मुलीला पदवीपर्यंत शिकवणारे आईबाप इथे गावोगाव आहेत. विद्यापीठाच्या शिक्क्यावरचा विश्वास उडाला, तर सर्वांत मोठे नुकसान त्यांचे होईल.

या मागण्यांवर ३० दिवसांत लेखी उत्तर मिळावे. न मिळाल्यास अध्यापन आणि परीक्षेच्या कामात खंड न पाडता आम्ही तहसील कार्यालयासमोर धरणे धरू. आमच्यापैकी कुणाचा गैरप्रकारात हात आढळला, तर संघटना त्याची पाठराखण करणार नाही, हेही याच पत्रात लिहून देत आहोत.

आपले,
संघटनेचे पदाधिकारी व सभासद
खैरलांजी