मार मानेला, पाणी फुप्फुसात

“सर, मार मानेला बसला, मग छातीत पाणी कुठून आलं हो?”

इस्पितळाच्या व्हरांड्यात त्या माउलीने विचारले आणि मी निरुत्तर झालो. वर्गात व्याकरणाच्या शंका मी चुटकीसरशी सोडवतो. ही शंका माझ्या विषयाबाहेरची होती. तिचा मुलगा माझा विद्यार्थी. गोपाळकाल्याच्या दिवशी दहीहंडीच्या थरावरून तो खाली आला. टाळ्या वाजविणाऱ्यांत मीही होतो, हे तिला सांगायचा धीर मला झाला नाही.

डॉक्टरांनी आम्हां दोघांना बसवून जे समजावले, ते वाचकांपुढे ठेवतो.

मज्जारज्जू म्हणजे मेंदूचे हुकूम शरीरभर पोचविणारा हमरस्ता. दुखापतीच्या क्षणी कधीकधी त्यातून आणीबाणीच्या संदेशांचा एकच कल्लोळ उठतो. अंगभरच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब भडकतो आणि रक्त फुप्फुसांकडे लोटले जाते. तिथल्या केसाहून बारीक वाहिन्यांना तो ताण सोसवत नाही. त्यांतून द्रव हवेच्या चिमुकल्या पिशव्यांत झिरपतो. पुढे नेमके उलटे होते. ताबा सुटल्याने वाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो. तो सावरण्यासाठी सलाइन द्यावे, तर जास्त झालेले तेही फुप्फुसांतच उतरते! म्हणून डॉक्टर आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या पाण्याचा हिशेब वाण्याच्या वहीसारखा चोख ठेवतात.

“मग सुईनं काढा ना,” आई म्हणाली. पण सुईने निघते ते फुप्फुसाभोवतीच्या आवरणातले पाणी. हे फुप्फुसाच्या आतले. त्याला प्राणवायू आणि दाबाने हवा देणारे यंत्र यांचाच आधार.

दुसरे संकट सावकाश येते. श्वासाच्या मुख्य पडद्याच्या नसा मानेत वरच्या बाजूला निघतात. बरगड्यांच्या आणि पोटाच्या स्नायूंच्या नसा त्याखाली. मानेत खालच्या बाजूला इजा झाली, तर श्वास कसाबसा चालतो, पण खोकण्याचे बळ जाते. खोकल्याला आपण उपद्रव समजतो; खरे तर तो फुप्फुसांचा झाडूवाला. तो रजेवर गेला की कफ तुंबतो आणि न्यूमोनिया दाराशी येतो.

त्या दिवशी चौघांनी मुलाला हातापायांना धरून रिक्षात कोंबले. हेतू चांगला, पण कृती घातक. मानेला मार बसल्याची शंका असेल, तर जागेवरून हलवू नये, डोके व मान आहेत तशी स्थिर धरावी, तोंडात पाणी घालू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

पुढचा रस्ता लांबचा आहे, पण बंद नाही. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक मिळविले, हे मी मुलाला सांगितले. तो नुसता हसला.

गेल्या आठवड्यात पुन्हा गेलो. व्यायामोपचार करणाऱ्या बाईंनी शिकविल्याप्रमाणे आई त्याच्या बरगड्यांखाली दोन्ही तळहात ठेवून, त्याच्या श्वासाबरोबर नेमक्या क्षणी दाबत होती. तो खोकला, चांगला खणखणीत! पोराचा खोकला ऐकून आनंदाने डोळे पुसणारी आई मी जन्मात प्रथमच पाहिली.