गादी, तांडा आणि सत्ता

5 ऑक्टोबर 2024 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी पोहरादेवीला आले, नगारा वाजवला आणि बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन करून गेले. दहाच दिवसांनी, 15 ऑक्टोबरला, पोहरादेवीचे महंत बाबूसिंग महाराज राठोड यांनी राज्यपालनियुक्त आमदार म्हणून विधान परिषदेची शपथ घेतली. त्याच दिवशी दुपारी विधानसभा निवडणूक जाहीर झाली. याला कोणाला योगायोग म्हणायचे असेल तर त्यांनी खुशाल म्हणावे!

धर्मगुरू आणि जमात एकत्र आली की सत्ता उभी राहते, हे चौदाव्या शतकातच इब्न खलदूनने अरब टोळ्यांविषयी लिहून ठेवले आहे. 1744 मध्ये दिरिया येथे मुहम्मद इब्न सौद हा सरदार आणि इब्न अब्दुल वहाब हा धर्मोपदेशक यांनी हातमिळवणी केली, त्यातून सौदी राज्य जन्मले. विसाव्या शतकात त्याच घराण्याच्या इब्न सौदने बदाऊ टोळ्यांना धर्माच्या नावाने ‘इखवान’ म्हणून वसवले, त्यांच्या तलवारींवर मुलूख जिंकला. काम झाल्यावर इखवान डोईजड वाटू लागले, तेव्हा 1929 मध्ये सबिल्लाच्या लढाईत त्यांनाच चिरडले. राज्य घराण्याचे झाले. टोळीला काय मिळाले?

हाच प्रश्न वऱ्हाडातल्या तांड्याने विचारला पाहिजे. पोहरादेवी 1998 पर्यंत अकोला जिल्ह्यात होती, आज वाशीममध्ये आहे. सेवालाल महाराजांवरील बंजारा समाजाची श्रद्धा खरी आहे, तिची टिंगल करण्याचे कारण नाही. पण तांड्याचा कारभार मुळात नाईक आणि कारभारी पाहत. बैलांच्या पाठीवरून मीठ-धान्य वाहणारा हा समाज रेल्वेने बेकार केला, 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा फिरत्या जमातींवर शिक्का मारला. तो पुसायला 1952 साल उजाडले. या पडझडीत नाईकाचा शब्द हलका होत गेला आणि गादीचा जड.

तरीही वसंतराव नाईक गादीच्या वाटेने आले नव्हते. पुसदचा हा वकील नगरपालिकेतून वर चढला आणि 1963 ते 1975 मुख्यमंत्री राहिला. अकोल्यात मखराम पवार 1990 मध्ये मूर्तिजापुरातून निवडून आले तेही छोट्या जातींच्या राजकीय बांधणीवर. आता प्रवाह उलटा वाहतो आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये आरोपांनी घेरलेले तत्कालीन वनमंत्री संजय राठोड पोहरादेवीत गर्दीसमोर उभे राहिले. आरोपांचे खरेखोटे हा तपासाचा विषय. पण उत्तर सभागृहात द्यायचे की देवळाच्या आवारात? रामराव महाराज ऑक्टोबर 2020 मध्ये गेल्यानंतर तर महंतही पक्षांत वाटले गेले. सुनील महाराजांनी 2022 मध्ये ठाकरेंचे शिवबंधन बांधले, बाबूसिंग महाराज सत्ताधाऱ्यांकडून आमदार झाले. पक्षांना हे सोयीचेच आहे. हजार तांडे फिरण्यापेक्षा एका गादीला नमस्कार स्वस्त पडतो.

आणि तांड्याचा प्रश्न? तेलंगणात बंजारा अनुसूचित जमातीत, कर्नाटकात अनुसूचित जातीत, महाराष्ट्रात विमुक्त जातीत, तेही तीन टक्क्यांत. 2025 मध्ये हैदराबाद गॅझेटचा आधार घेऊन अनुसूचित जमातीच्या मागणीचे मोर्चे निघाले आणि लगोलग आदिवासींचे प्रतिमोर्चे. दोन उपेक्षित समाज एकमेकांसमोर उभे, आणि सरकार मधे! शिवाय वऱ्हाडचा कारभार 1853 पासूनच इंग्रजांकडे होता. मग निजामाच्या राजवटीतील नोंदी मानोरा, मूर्तिजापूर, बार्शीटाकळीच्या तांड्यांना कितपत उपयोगी पडणार? हा प्रश्न आमदार झालेल्या महंतांना तांड्यातल्या पोरांनी येत्या रामनवमीच्या यात्रेत, त्याच आवारात विचारावा.