चार रंगांचा पडदा

आयबीएमने १९८१ मध्ये आपल्या वैयक्तिक संगणकासाठी आणलेल्या सीजीए या ग्राफिक्स कार्डाची मेमरी अवघी १६ किलोबाइट होती, आणि पडद्यावरील प्रत्येक ठिपक्याचा, म्हणजे पिक्सेलचा, रंग तिच्यातच नोंदवावा लागत असल्याने ३२० गुणिले २०० ठिपक्यांच्या चित्राला एका वेळी चारच रंग परवडत. अशा चार रंगांच्या संचांपैकी काळा, आकाशी, भडक किरमिजी आणि पांढरा हा संच, खरे तर, डोळ्यांना बोचणाराच होता. त्यात ना गवताचा हिरवा, ना मातीचा तपकिरी. म्हणून चित्रकार आकाशी व काळे ठिपके बुद्धिबळाच्या पटासारखे आलटूनपालटून मांडून पाचव्या छटेचा भास घडवत, ज्याला डिदरिंग म्हणतात. आज या चित्रांबद्दल वाटणारा जिव्हाळा त्या रंगांपेक्षा या कारागिरीचा अधिक आहे. वाचकांनी अशी चित्रे आधी हातभर अंतरावरून पाहावीत, मग जवळून.