कार्बनचा पाठ तीन व्याख्यांत संपवू नका



नववीच्या विज्ञानात कार्बनचा पाठ येतो. हिरा, ग्रॅफाइट, फुलरीन अशी अपरूपं, त्यांचे गुणधर्म, की झाला पाठ! मला वाटतं, इथे मुलांचं नुकसान होतं. फुलरीन सापडलं ते ताऱ्यांचं कोडं सोडवताना, ही गोष्ट राहूनच जाते.

दोन ताऱ्यांमधली जागा अगदी रिकामी नसते. तिथे वायू आणि अतिशय बारीक धूळ असते. कोल्हापूरला जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर केंब्रिजला ज्यांच्या मार्गदर्शनाखाली शिकले, त्या फ्रेड हॉईल यांनी चंद्रा विक्रमसिंघे यांच्यासोबत १९६२ मध्ये मांडलं, की या धुळीत ग्रॅफाइटचे कण असावेत. पुढे हॅरोल्ड क्रोटो यांना प्रश्न पडला, की काही ताऱ्यांभोवती कार्बनच्या लांब साखळ्या कशा तयार होत असतील? ते तपासायला १९८५ मध्ये स्मॉली आणि कर्ल यांच्यासोबत ग्रॅफाइटवर लेझर मारला, आणि हाती आला ६० अणूंचा फुटबॉलसारखा रेणू! १९९६ मध्ये तिघांना नोबेल मिळालं. २०१० मध्ये स्पिट्झर दुर्बिणीच्या निरीक्षणांत हाच रेणू आयुष्य संपत आलेल्या एका ताऱ्याभोवती सापडला. तिथे कोणी गेलं नव्हतं. प्रत्येक रेणू अवरक्त प्रकाशात आपली ठरावीक खूण सोडतो, ती ओळखली.

आता आपलं नंदुरबार बघा. शहरातल्या शाळांत मोठी प्रयोगशाळा असेल, पण तोरणमाळ, धडगावकडच्या पाड्यांवरचा अंधार त्यांच्याकडे नाही. दिवाळीच्या सुट्टीत, अमावस्येच्या आसपास, अंधार पडल्यावर मुलांना आकाशगंगेचा पट्टा दाखवा. त्यात काळी फट दिसते. तिथे तारे आहेत, पण धुळीने त्यांचा प्रकाश अडवलाय. सकाळी चुलीवरच्या भांड्याची काजळी कागदावर घ्या. तीही बहुतांश कार्बनच. पावरी, भिली, अहिराणीत तिला काय म्हणतात, ते मुलांनाच सांगू द्या.

परीक्षेत याला गुण नाहीत, हे मान्य. पण विज्ञान म्हणजे दूर कुठेतरी, मोठ्या शहरात होणारी गोष्ट, असं आपल्या मुलांना वाटत राहिलं तर त्याची किंमत गुणांत मोजता येणार नाही. पालकहो, त्या रात्री तुम्हीही अंगणात बसा.

आणि पाठ संपल्यावर एकच प्रश्न द्या: तिथे न जाता, तिथली धूळ कशाची आहे हे कसं कळलं? उत्तर मुलांच्याच शब्दांत लिहू द्या.