स्नो ब्लोअर घेताय? आधी अंगण मोजा!

ऑगस्टमध्ये एमएससाठी बफेलो किंवा मिनियापोलिसला निघालात, की सामानाची यादी तयार असते. थर्मल, जॅकेट, कुकर, गोडा मसाला. पण चौघांनी मिळून घर भाड्याने घेतलं तर दारातला बर्फ कोण काढणार, हे कुणी विचारतच नाही. तिथल्या बऱ्याच शहरांत घरासमोरचा फुटपाथ साफ ठेवणं घरमालकाचं काम असतं आणि भाडेकरारात ते अनेकदा तुमच्या गळ्यात टाकलेलं असतं. त्यामुळे सही करण्याआधी करार नीट वाचा.

आता हिशेब करू. 6 मीटर रुंद, 9 मीटर लांब ड्राइव्हवेवर 20 सेंटिमीटर ताजा, भुसभुशीत बर्फ पडला, तर त्याचं वजन साधारण एक टन भरतं. ओला बर्फ याहून कितीतरी जड. फावड्याने तो उपसताना पाठ धरते, हृदयावरही ताण येतो. म्हणजे मशीन हवं, हे मान्य. पण कुठलं?

इथे आपलं ‘घ्यायचं तर मोठंच घेऊ’ आडवं येतं. माझं म्हणणं उलट आहे: जागेला पुरेल एवढंच घ्या.

सिंगल स्टेज मशीनमध्ये फिरणारं पातंच बर्फ ओढतं आणि बाहेर फेकतं. हे हलकं, स्वस्त आणि सात-आठ इंच बर्फाला पुरेसं. मात्र पातं जमिनीला घासून चालतं, त्यामुळे खडीवर ते नको, दगड उडतात. टू स्टेजमध्ये पातं बर्फ आत घेतं आणि मागचा पंखा तो लांब फेकतो. चाकंही इंजिनावर फिरतात. खडी, लांब ड्राइव्हवे, फूटभर बर्फ किंवा रस्ता साफ करणारी गाडी तुमच्या तोंडाशी घालून जाते तो घट्ट बांध, हे सगळं असेल तर हेच घ्या. पण पेट्रोल, ऑइल आणि ठेवायला जागा, हे सगळं सोबत येतंच.

दोन वर्षं राहायचं, ड्राइव्हवे छोटा आणि पक्का, तर बॅटरीवरचं सिंगल स्टेज बास. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून ती घरातच ठेवा. शेजाऱ्यांसोबत भागीदारीत किंवा सेकंडहँड घेतलं तर आणखी उत्तम.

एका बाबतीत मात्र काटकसर नको. बर्फ अडकला तर मशीन बंद करा, बॅटरी काढा आणि काठीनेच मोकळा करा. हात कधीच घालू नका. इंजिन बंद असलं तरी अडकलेलं पातं झटक्यात फिरू शकतं. आणि पेट्रोलचं मशीन गॅरेजमध्ये सुरू करू नका, दार उघडं असलं तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

डिग्री घेऊन परतताना दहाही बोटं सोबत हवीत. मशीन काय, विकून टाकता येतं!